बळ कुठे थांबवायचे: पोलिसांची काठी आणि आपल्या पर्समधला पेपर स्प्रे

कर्वेनगरवासी (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या पाण्याचा विषय संपल्यावर सुरक्षेचा विषय निघाला आणि तो दीड तास चालला. एका शेजाऱ्यांनी रात्रीच्या वॉचमनच्या हाती लोखंडी गज द्यावा असे सुचवले. दुसऱ्यांनी सर्व महिलांसाठी एकत्रित खरेदीत पेपर स्प्रे मागवू या असे सांगितले, तर एका तरुणाने घरात तलवार ठेवली तर काय बिघडते असा प्रश्न विचारला. माझी मुलगी खराडीला रात्रपाळीत काम करते. तिची गाडी पहाटे चारला फाटकाशी थांबेपर्यंत मला झोप लागत नाही, त्यामुळे या चर्चेत मी तटस्थ नव्हते. स्प्रेच्या बाजूने पहिला हात माझाच वर गेला.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्याच सभेत शेवटी १ सप्टेंबर २०२३ च्या अंतरवाली सराटीतील लाठीमाराचा उल्लेख झाला होता, आणि तेव्हा आम्हा सर्वांना नेमके प्रश्न सुचले होते: आधी इशारा दिला होता का, एवढ्या जोराची गरज होती का, लोक मागे हटल्यावरही काठ्या का चालल्या? स्वतःसाठी साधने मागवताना यातला एकही प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. म्हणून मी दोन्ही बाजूंचा कायदा एकत्र वाचायला घेतला, आणि मला असे दिसले की कायदा पोलिसांना आणि आपल्याला बऱ्याच अंशी एकाच मापाने मोजतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमे ३४ ते ४४ अशी आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. त्यातील कलम ३७ सांगते की बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. शरीराच्या बचावाबद्दलचे कलम ४० मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण त्यात वेळेचा हिशेब आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, त्यासाठी पहिला वार अंगावर घेण्याची गरज नाही. आणि ती भीती टिकेल तोपर्यंतच हक्कही टिकतो. हल्लेखोर हत्यार टाकून पळू लागला किंवा त्याला चार जणांनी धरून ठेवले, तर त्यानंतर आपण घातलेला घाव हा बचाव राहत नाही.

पोलिसांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ४३ आहे. अटकेला विरोध करणाऱ्याविरुद्ध आवश्यक ती साधने वापरता येतात, परंतु ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम ४६ म्हणते की अटकेतील माणसाला पळून जाण्यापासून रोखण्यास जेवढे लागेल त्याहून अधिक जखडू नये.

माझा प्रश्न असा आहे. आपण साधनांवर पैसे खर्च करतो, परंतु ते साधन कोणत्या क्षणी खाली ठेवायचे हे आपल्याला कोणी शिकवते का? ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती करते.

शिवाजीनगर_वकील

ताई, आपली मांडणी योग्य आहे. साधनांबाबत थोडी भर घालतो, कारण अशा सभांमध्ये सर्वाधिक गैरसमज तिथेच असतात.

शस्त्र अधिनियम १९५९ मधील ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली अथवा तशी रूपांतरित केलेली कोणतीही वस्तू त्यात येते. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू मात्र वगळलेल्या आहेत, आणि तिथे उदाहरण म्हणून लाठी आणि चालण्याची साधी काठी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच काठीच्या पोटात पाते दडवले की तिची गुप्ती होते, आणि गुप्ती हे तलवारीच्या वर्गातील शस्त्र आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारेही याच वर्गात येतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. पुण्यातील वृत्तपत्रांत ‘आर्म अ‍ॅक्ट ४ (२५)’ असे जे वाचायला मिळते, ते परवान्याशिवाय असे धारदार हत्यार बाळगल्याबद्दल असते. त्यामुळे सभेतील त्या तरुणाला ‘काय बिघडते’ याचे उत्तर या कलमात मिळेल.

त्याच बातम्यांत पुढे ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१) (३) सह १३५’ असेही लिहिलेले असते. हा १९५१ चा कायदा आहे. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांना ठरावीक काळासाठी हत्यारे बाळगण्यावर बंदी घालता येते, आणि त्या यादीत बंदूक, सुरी, तलवार यांच्यासह काठी, लाठी आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी अन्य कोणतीही वस्तू येते. म्हणजे शस्त्र अधिनियमाने जी लाठी नावानिशी वगळली, तीच लाठी या आदेशाच्या काळात रस्त्यावर नेणे गुन्हा ठरू शकते. वॉचमनचा लोखंडी गज तर मुळीच नको. तो डोक्यावर बसला तर बचावाचा दावा मांडणे फार जड जाते.

पेपर स्प्रे दुकानात विनापरवाना मिळतो, पण म्हणून तो निर्धोक ठरत नाही. २०२४ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या वादात समोरच्यावर स्प्रे मारल्याचा खटला रद्द करण्यास नकार दिला. त्या प्रसंगी जिवाला तातडीचा धोका दिसत नाही, आणि पेपर स्प्रे हे घातक हत्यार मानता येते, असे न्यायालयाने म्हटले. पार्किंगच्या भांडणात कोणी स्प्रे काढला तर हा निकाल त्याच्यासमोर ठेवला जाईल.

शेवटचा मुद्दा पुराव्याचा. बचावासाठी बळ वापरले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते (साक्ष अधिनियम २०२३, कलम १०८). त्यासाठी संशयातीत सिद्धता लागत नाही, शक्यतेचा तोल आपल्या बाजूला झुकला तरी पुरते. म्हणून प्रसंगानंतर पहिला फोन ११२ वर आपणच करावा, जागा सोडून जाऊ नये आणि स्वतःच्या जखमांची वैद्यकीय नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.

वाघोलीचा_बाप

वकीलसाहेब, पिस्तुलाच्या परवान्याबद्दलही लिहावे. आमच्याकडे प्लॉटिंगच्या व्यवहारात असलेले बरेच जण कमरेला लावून फिरतात, आणि मलाही घरासाठी घ्यावे असे वाटू लागले आहे.

शिवाजीनगर_वकील

थोडक्यात सांगतो. पुणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, आणि उर्वरित जिल्ह्यात जिल्हाधिकारी. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, आणि आपल्याला धोका का आहे हे कागदावर पटवून द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर घरात मुले असताना घेऊ नका. कुलपात ठेवलेले पिस्तूल वेळेवर हाती येत नाही आणि उशाशी ठेवलेले मुलांच्या हाती येते.

निवृत्त_फौजदार

कर्वेनगरच्या ताईंनी जो प्रश्न विचारला आहे, तो मी ३४ वर्षांच्या नोकरीत अनेकदा स्वतःला विचारला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बेकायदेशीर जमाव पांगवण्याचा अधिकार आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ खाली येतो. कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला पांगण्याचा आदेश देतो. आदेश धुडकावला, किंवा न पांगण्याचा निर्धार जमावाच्या वागण्यातूनच दिसला, तरच बळाचा प्रश्न येतो. आधी ध्वनिक्षेपकावरून इशारा, मग अश्रुधूर, मग लाठी आणि अगदी शेवटी गोळी, हा क्रम आम्हाला मैदानावर घोटून घेतला जात असे. काठी कमरेच्या खाली, मांडीच्या आणि पोटरीच्या मांसल भागावर चालवायची. डोके, मान, मणका वर्ज्य.

मैदानावर हे सर्वांना येते. प्रत्यक्ष बंदोबस्तात काय होते ते सांगतो. सकाळी सहापासून उभा असलेला शिपाई दुपारी तीनला उपाशी असतो, हेल्मेटच्या आत घामाने त्याचे डोळे चुरचुरत असतात, आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या तोंडावर दगड बसून रक्त आलेले त्याने नुकतेच पाहिलेले असते. आदेश मिळतो, रांग पुढे सरकते आणि समोरची गर्दी फुटते. खरे तर काम तिथेच संपलेले असते. पण गर्दी पळू लागली की रांगेतला माणूस पाठलाग करू लागतो, रांग मोडते, आणि तिथून पुढे प्रत्येक शिपाई एकटा असतो. अतिरेक बहुतेक वेळा या पाठलागात होतो. थांबण्याची शिट्टी वाजते, पण ती त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

माझ्याकडूनही असे घडले आहे. फार वर्षांपूर्वी एका गावच्या बंदोबस्तात एक मुलगा पळता पळता पडला आणि डोक्यावर दोन्ही हात घेऊन बसला. मी त्याला बसलेला असताना दोन काठ्या मारल्या. त्याच्या हातात काही नव्हते. कोणी तक्रार केली नाही, कोणी मला विचारले नाही. तो मुलगा मला अजून आठवतो, आणि आज हे इथे लिहिताना मी त्याची माफी मागतो.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधील आंदोलकांच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. सुरुवातीचे बळ समर्थनीय असेल, परंतु आंदोलक आटोक्यात आल्यानंतरही मारहाण चालू ठेवणे हा अतिरेक होता, आणि त्याबद्दल भरपाई द्यायला लावली. ताईंनी सांगितलेले कलम ४० आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचावा.

पुणेकरांनी ९ ऑगस्ट २०११ विसरू नये. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मृत्युमुखी पडले. त्यात एक महिला होती. त्या दिवशी रस्ता मोकळा करणे हे काम होते. अडलेल्या रस्त्याच्या तुलनेत तीन जीव किती जड होते, हा प्रश्न मी खात्यात असतानाही विचारला होता आणि आजही विचारतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि पेपर स्प्रे प्रत्यक्ष वापरला आहे, म्हणून लिहिते. रात्री साडेदहाला ड्यूटी संपवून रिक्षाने घरी जात असताना एका सिग्नलला एक माणूस शेजारी येऊन बसला आणि त्याने माझा दंड धरला. मी पर्समधून स्प्रे काढून मारला. तो उतरून पळाला, पण रिक्षाच्या आतली हवा इतकी तिखट झाली की रिक्षावाले काका आणि मी, दोघेही पाऊण तास डोळे उघडू शकलो नाही. काकांचा काहीच अपराध नव्हता. त्यांनी तशाही अवस्थेत गाडी कडेला घेतली आणि माझ्या घरी फोन लावून दिला.

त्यातून शिकले ते असे. स्प्रेमधील मुख्य घटक मिरचीचा तिखटपणा आहे, तो तेलकट असतो आणि पाण्यात सहज विरघळत नाही. डोळे चोळायचे नाहीत, उघड्या हवेत यायचे, भरपूर वाहत्या पाण्याने डोळे धुवायचे, आणि कातडीवरचा भाग सौम्य साबणाने किंवा लहान मुलांच्या शाम्पूने पुन्हा पुन्हा धुवायचा. तूप, तेल, मलम काहीही लावायचे नाही, त्याने तो आणखी पसरतो. दमा असलेल्या माणसाला श्वास लागला तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

लिफ्ट, रिक्षा, कॅब अशा बंद जागेत तो आपल्यालाही तितकाच लागतो. मोकळ्या जागी वारा आपल्या पाठीकडून समोर जात असेल तरच मारावा. दोन-तीन मीटर अंतरावरून एक छोटा फवारा पुरतो, आणि मारल्यावर तिथे उभे न राहता उजेडाच्या व माणसांच्या दिशेने चालू लागावे. डब्यावर मुदत लिहिलेली असते, ती उलटली की दाब कमी होतो. विमानात केबिन बॅगेत नेता येत नाही, तेवढे प्रवासाच्या वेळी लक्षात ठेवावे.

फौजदारकाका, तुम्ही लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबले होते. मीही तो माणूस उतरून पळाल्यावर आणखी एक फवारा त्याच्या पाठीवर मारला होता. त्याचा काहीच उपयोग नव्हता.

येरवडा_जुना

सर्वांबद्दल आदर ठेवून माझा विरोध नोंदवतो. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत, पेरूगेट चौकीच्या परिसरात, भरदिवसा एका मुलीवर कोयता उगारला गेला. अशा वेळी कोण कलम ३७ आठवणार आणि कोण वाऱ्याची दिशा पाहणार? मार खाणाऱ्याला मोजमाप शिकवणे हे मला अन्यायाचे वाटते. जो कोयता घेऊन येतो, त्याने स्वतःचे संरक्षण तिथेच गमावलेले असते.

शिवाजीनगर_वकील

आपला राग मला समजतो, आणि कायदाही त्या क्षणी आपल्याच बाजूला आहे. १९५० साली कटनीत दंगलीच्या वेळी एका दुकानदाराच्या दारावर जमाव लाठ्या मारू लागला तेव्हा त्याने बंदूक चालवली. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली आणि अशा प्रसंगी माणसाचे वागणे सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही असे म्हटले. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हीच तत्त्वे पुन्हा मांडली गेली: वाजवी भीती पुरेशी आहे, आणि पळून जाण्याची वाट असताना पळालेच पाहिजे असे बंधन नाही. कलम ३८ नुसार मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा धोक्यांत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. कोयता उगारलेला असताना आपण केलेल्या प्रतिकाराचे कोणी इंच मोजणार नाही. मोजमाप सुरू होते ते कोयता खाली पडल्यावर.

आणि सदाशिव पेठेचेच उदाहरण घेऊ. त्या मुलीला वाचवणारे तरुण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी होते. त्यांनी कोयता धरलेला हात पकडला. त्यांच्याजवळ कोणतेही हत्यार नव्हते.

येरवडा_जुना

‘कोयता खाली पडल्यावर’ हा भेद मी लक्षात घेतला नव्हता. तेवढ्यापुरते मान्य करतो.

वाघोलीचा_बाप

एक प्रश्न उरतोच. बळ वापरणारा पोलीसच असेल आणि ते अनाठायी असेल, तर नागरिकाने काय करावे? त्याला स्वसंरक्षणाचा हक्क आहे की नाही?

शिवाजीनगर_वकील

कलम ३७ मध्येच याचे उत्तर आहे आणि ते कठोर आहे. लोकसेवक सद्भावनेने, आपल्या पदाच्या नात्याने कृती करत असेल आणि त्या कृतीने मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती निर्माण होत नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही. समोरचा पोलीस आहे हे माहीत नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर मात्र हा नियम लागू होत नाही. म्हणून साध्या वेशातील माणसाने अडवले तर ओळखपत्र मागणे हा आपला पहिला बचाव आहे. चुकीची अटक होत आहे असे वाटले तरी हात उचलू नये. ‘सरकारी कामात अडथळा’ हा गुन्हा, म्हणजे आता कलम १३२, लगेच लागतो आणि मूळ तक्रार त्याखाली दबून जाते.

लढा नंतर द्यायचा असतो, आणि त्याची साधने आहेत. डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला. ते चित्रण मागणारा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर २०१४ च्या पीयूसीएल (ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाप्रमाणे गुन्ह्याची नोंद, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी करावी लागते. तो निकाल आपल्याच राज्यातील चकमकींच्या प्रकरणावर आला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. याशिवाय २०१४ च्या दुरुस्तीने राज्य आणि विभागीय स्तरावर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे.

निवृत्त_फौजदार

वकीलसाहेबांशी सहमत आहे. एवढेच जोडतो की तक्रारीत ‘पोलिसांनी मारले’ असे मोघम लिहू नये. नेमप्लेटवरचे नाव, वेळ, जागा, काठी शरीराच्या कोणत्या भागावर बसली आणि त्या वेळी आपण उभे होतो, पळत होतो की बसलेलो होतो, हे लिहावे. शेवटचा तपशील चौकशी अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

कर्वेनगरवासी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल सोसायटीची पुन्हा बैठक झाली आणि हा धागा मी तिथे वाचून दाखवला. लोखंडी गजाचा प्रस्ताव मागे घेतला गेला. वॉचमनला चांगली बॅटरी, शिट्टी आणि ११२ लावता येईल असा चार्ज केलेला फोन मिळेल. साधी बांबूची काठी त्याच्याकडे आधीपासून आहेच. चौदा घरांनी स्प्रे मागवले आहेत. रविवारी गच्चीवर पाणी भरलेल्या बाटल्यांनी सराव केला, त्यात मुलीने पहिल्या वेळी बटण दाबले ते बाटली रिकामी होईपर्यंत सोडलेच नाही. रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद तिला वाचायला दिला आणि पुन्हा करायला लावले. दुसऱ्या वेळी एक छोटा फवारा मारून ती जिन्याकडे चालू लागली.

वकीलसाहेब, एक शंका राहिली आहे. सभेतील त्या तरुणाच्या घरी आजोबांची जुनी तलवार खरोखरच आहे, आणि त्याला ती नियमात बसवून घ्यायची आहे. त्याने सुरुवात कुठून करावी?

शिवाजीनगर_वकील

त्याने तलवार घेऊन कुठेही जाऊ नये. तिचे छायाचित्र, पात्याचे माप आणि ती घरात कोणाकडून आली याचे आजोबांच्या नावासह निवेदन घेऊन आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज लिहिण्यासाठी तो शनिवारी माझ्याकडे येऊ शकतो, मी फी घेणार नाही.